उरलेल्या पाच गोळ्या

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देते, आधी कामाचं ऐक. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. हे फोनवर बोलता येत नाही. आमच्या भिंतीपलीकडे शेजारीण राहते आणि भिंत कागदासारखी. मी इकडे शिंकले तर ती तिकडून काळजी घे म्हणते. मग पोटाचं कसं सांगू? तिसरी शिकलेली बाई मी, चार ओळी लिहायला घाम फुटतो, पण गल्लीभर बोभाटा होण्यापेक्षा घाम परवडला.

तर सोमवारपासून मला जुलाब. एकोणीस वर्षं या बाटल्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये दीडशे माणसांना जेवू घालते, कोणाला कधी ढेकर वाकडा आला नाही, आणि माझंच पोट फिरलं. मंगळवारी रक्त दिसलं, अंगात ताप चढला, तेव्हा आमच्या ह्यांनी हाताला धरून कारखान्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे काल मिसरूड फुटलेला. त्यानं दहा गोळ्यांची पट्टी दिली, जंतू मारायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. पाण्यात घालून प्यायच्या पुड्या दिल्या. आणि एक डबी दिली. डबीत काय भरून आणायचं ते त्यानं सांगितलं तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. डबी मात्र चांगली आहे, घट्ट झाकणाची. टाकवत नाही.

गोळी लागू पडली. पाच खाल्ल्या आणि कालपासून पोट गपगार. म्हणून थांबवली. मी जन्मभर चाखून मीठ घातलंय, पुरे झालं की हात आखडायचा हे मला कोणी शिकवायला नको. उरलेली अर्धी पट्टी कात्रीनं कापून त्या डबीत ठेवली, अडीनडीला.

घरी बसवत नाही त्याचं कारण वेगळं आहे. साहेबांनी माझ्या जागी एक माणूस आणून ठेवलाय. पस्तिशीचा, डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी. स्वयंपाकाची परीक्षा पास झालाय म्हणे. काल मी कँटीनच्या खिडकीतून बघितलं, भात शिजत असताना त्यानं तीनदा झाकण काढलं. तीनदा. वाफ गेली की भात वरून मऊ दिसतो आणि आत कणी राहते. हे तुलासुद्धा ठाऊक आहे, आणि तुला चहा करता येत नाही.

महिनाअखेरीला साहेब ठरवणार, जागा कोणाची. तोवर घरी बसले तर पळी गेलीच म्हणून समज. उद्या जाते आहे. साहेबांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी म्हटलं, बरं आहे म्हणाले. विचारलं असतं तर म्हणालेच असते.

तू हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर बसतोस म्हणून विचारते, या गोळ्या किती महिने टिकतात? एवढंच कळव.

आशीर्वाद.

ताई

८ मार्च

ताई, नमस्कार.

तुझं पत्र दुपारी आलं. खिडकीवर रांग होती, तरी वाचलं, आणि दोन माणसांना एकमेकांची औषधं देता देता राहिलो.

गोळ्या किती महिने टिकतात ते मी सांगणार नाही. त्या टिकवायच्या नसतात, संपवायच्या असतात. जुलाब थांबले म्हणजे जंतू मेले असं नाही. जे लेचेपेचे होते ते आधी मेले. दांडगे अजून बसलेत, आणि तू त्यांना मोकळं रान दिलंस. साध्या पातळ जुलाबाला ही गोळी लागतही नाही. मीठ-साखरेचं पाणी आणि धीर, यावर तो जातो. पण तुला रक्त होतं, ताप होता, म्हणून डॉक्टरनं दिली. त्याचं मिसरूड बघू नकोस, चिठ्ठी बघ.

आता मध्ये दिवस गेलेत, तर आपल्या मनानं उरलेल्या सुरूही करू नकोस. हे पत्र मिळेल त्या दिवशी त्याच्याकडे जा, खरं काय ते सांग, तो म्हणेल तसं कर. आणि तोवर कँटीनमध्ये पाय ठेवू नकोस. हे जंतू हातांवरून दुसऱ्याच्या पोटात जातात. संडासातून आल्यावर हात साबणानं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, नखांखालीसुद्धा.

मी इथे रोज दोनशे जणांना सांगतो, सगळ्या गोळ्या संपवा. ते मान हलवतात आणि घरी जाऊन डबीत ठेवतात. त्यांतली एक माझी सख्खी बहीण निघेल असं वाटलं नव्हतं. तीही कसल्या डबीत.

खरं सांग, किती उरल्यात?

तुझा धाकटा

१२ मार्च

धाकट्या,

तुझी लंगोटं मी धुतली आहेत. मला साबण शिकवू नकोस.

गोळ्यांची काळजी सोड. संपल्या. डबीत एकही नाही. झालं समाधान?

आता खरी बातमी ऐक. परवापासून पॅकिंग खात्यातले अकरा जण आडवे झालेत. जुलाब, पोटात मुरडा, ताप. संडासाबाहेर रांग, आणि रांगेत मारामारीची वेळ. बाटल्या भरायला खोके तयार आणि माणूस एक नाही. मी तडक साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, कच्चा भात खाऊ घातल्यावर आणखी काय होणार? टोपी उंच असली म्हणून भात शिजत नाही. साहेब म्हणाले, लेखी द्या. दिलं. चार ओळी, पण अक्षर चांगलं आलं. आता ३१ तारखेला टोपीवाल्याला नारळ, आणि पळी परत माझ्या हातात.

तसं त्यानं मागूनच घेतलं होतं. शनिवारी मी गेले तर मला पातेल्याजवळ फिरकू दिलं नाही. म्हणतो, "बाई, तुम्ही आजारातून उठलाय, बसून काकडी चिरा." काकडी. मला. एकोणीस वर्षांनी. शनिवारी आणि सोमवारी मी कोपऱ्यात बसून टोपलीभर काकडी चिरत होते आणि तो तिकडे माझ्या डोळ्यांदेखत झाकण उघडत होता. मंगळवारपासून मी गेलेच नाही, काकडी त्याची त्यानं चिरावी. चिरता चिरता मध्येच दोनदा मला घाईनं उठून जावं लागलं होतं. पोट ढवळलं होतं, रागानंच असणार. अजूनही अधूनमधून ढवळतं. मनस्ताप आहे तो, दुसरं काही नाही. टोपी गेली की जाईल.

तू उगाच खिडकीत बसून काळजी करत जाऊ नकोस, केस गळतात.

आशीर्वाद.

ताई

१६ मार्च

ताई, नमस्कार.

रागावशील, म्हणून आधी खाली बस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा भाऊ म्हणून, एकदा औषधवाला म्हणून. तिसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलली, "काकडी."

ताई, अर्धाकच्चा भात खाऊन पोट फुगेल, दुखेल, स्वयंपाक्याला शिव्या घालाव्याशा वाटतील. अकरा जणांना ताप भरणार नाही. आणि भात तर दीडशे जणांनी खाल्ला, मग आडवे फक्त पॅकिंगवालेच का झाले? तू एवढंच विचार, काकडी कोणी खाल्ली आणि कोणी नाही. तुझीच माणसं आहेत, सांगतील. शिजलेल्या अन्नात जंतू मरतात. कच्च्या काकडीवर ते चिरणाऱ्याच्या हातावरून बसतात आणि न मरता थेट ताटात जातात.

गोळ्या "संपल्या" म्हणतेस. कोणाच्या पोटात संपल्या? तू खोटं बोलत नाहीस, मला माहीत आहे, पण खरंही चिरून, निवडून वाढतेस.

तुला तुझ्याच भाषेत सांगतो. झाकण तूही काढलंस. पाच गोळ्यांवर वरून मऊ लागलं, म्हणून पातेलं उतरवलंस. आत कणी राहिली. तो टोपीवाला निदान भातालाच तसं करतो.

त्याच्या घरी कोण आहे, तुला ठाऊक आहे का? मलाही नाही. पण कोणीतरी असेल. ३१ तारखेला पंधरा दिवस आहेत.

तुझा धाकटा

२० मार्च

धाकट्यास,

तुझं पत्र गॅसवर धरलं आणि जाळलं. बोट पोळलं, तेही तुझ्यामुळे.

गोळ्यांचा हिशेब हवा ना, घे. दोन आमच्या ह्यांना दिल्या. त्यांनी दोन दिवसांच्या शिळ्या रश्शावर ताव मारला होता आणि पोट बिघडलं. एक शेजारणीला, तिचं डोकं दुखत होतं. एक वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला. त्यानं मागितली नव्हती, पण चेहरा पडलेला होता. आणि एक डाळीच्या डब्यात टाकली. जंतू मारते तर किडेही मारेल, बघू म्हटलं. माणुसकी म्हणतात याला. तुझ्या खिडकीत मिळत नसेल.

आणि एक लक्षात ठेव. मी तिसरी शिकले, कारण चौथीत मला तुला सांभाळायला घरी बसवलं. तू शिकलास, खुर्चीवर बसलास, आणि आता बायकोला माझी पत्रं वाचून दाखवतोस. काकडी म्हणे.

पुन्हा पत्र लिहू नकोस. आशीर्वाद देते, मोठीला तो द्यावाच लागतो.

ताई

२४ मार्च

ताई, नमस्कार.

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून थोडक्यात लिहितो. जाळलंस तेच परत सांगतो, डॉक्टरकडे जा, डबी ज्यासाठी दिली त्यासाठी वापर, काकडी कोणी खाल्ली ते विचार, आणि उत्तर मिळालं की साहेबांना सांग. हेही जाळलंस तर तिसऱ्यांदा लिहीन. औषधांच्या खोक्यांतून कोरे कागद पुष्कळ येतात.

डाळ फेकून दे.

म्हाताऱ्याला पुन्हा काही देऊ नकोस. त्याचा चेहरा मी पाहिलाय, तो बरा असतानाही पडलेलाच असतो.

चौथीचं मी विसरलेलो नाही. तुझी कोरी पाटी माझ्या दप्तरात आली होती, तिच्या चौकटीवर तू खिळ्यानं काढलेली चिमणी होती. ती खुर्ची तुझी आहे, ताई, मी नुसता बसतो. म्हणून तर तुला तीन-तीनदा सांगतो. बाकीच्यांना एकदाच सांगतो.

बायकोला यापुढे वाचून दाखवणार नाही. तिला आधीच सगळं कळतं.

तुझा धाकटा

३ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र तीन दिवस लिहिते आहे. नीट वाच, पुन्हा लिहिण्याची ताकद नाही.

तुझं आधीचं पत्र जाळलं खरं, पण जळालं नाही. भात चढवला की आठवायचं. मी घरीच दोन माणसांचा भात चढवते, झाकण ठेवते, आणि तू त्या झाकणावर बसलेला. शेवटी पॅकिंगच्या मोजणीवालीकडे गेले. बाटल्या मोजता मोजता जगाची खबर ठेवणारी बाई आहे ती. नुकतीच आजारातून उठलेली, गालफडं बसलेली. म्हटलं, त्या शनिवारी आणि सोमवारी काय काय खाल्लं होतं गं?

म्हणाली, "भात, रस्सा आणि काकडी. अहो, उन्हात काय गार लागली. आम्ही पॅकिंगवाले पहिल्या घंटेला जेवतो ना, दोन्ही दिवस सगळी आम्हीच संपवली. यंत्रावरची माणसं दुसऱ्या घंटेला आली, त्यांना नुसता भात. किती भांडले."

"यंत्रावरचं कोणी आजारी पडलं का?"

"एकही नाही. मेले नशीबवान."

"आणि पॅकिंगमधलं कोण वाचलं?"

"चिठ्ठ्या चिकटवणारे आजोबा. त्यांना दात कुठेत काकडी खायला?"

मी तिथेच खोक्यावर बसले. खोकं दबलं. ती म्हणाली, बरं वाटत नाही का? म्हटलं, नाही.

मग मिसरूडवाल्याकडे गेले. त्यानं विचारलं, "पहिल्या दहा घेतल्या होत्या?" मी म्हटलं, संपल्या. त्यानं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मिसरूड कोवळं असलं तरी नजर हेडमास्तरची आहे. मग म्हटलं, पाच. त्यानं नवी डबी पुढे केली. मी म्हटलं, जुनी आहे माझ्याकडे, चांगली आहे. तो म्हणाला, नको, नवीच न्या. तर डबी एकदाची मार्गी लागली. आमचे हे बाहेर उभे राहून शेजारीण येते का बघत होते.

निकाल २९ तारखेला आला. त्या अकरा जणांच्याही डब्या तपासल्या होत्या. माझ्या पोटात जे जंतू, तेच त्यांच्या. त्यांना औषध दिलंय, सगळे उठलेत. मला नवी पट्टी मिळाली, वेगळ्या गोळीची, पुन्हा दहा.

आता तुला खरं सांगते, न चिरता. निकाल आल्यावर मी गप्प बसले. मनात म्हटलं, दोनच दिवस राहिलेत, ३१ तारीख जाऊ दे. टोपीवाला जाईल, मी गोळ्या खाऊन बरी होईन, पुढे एकही काकडी चिरणार नाही, काकडीचं डॉक्टरलाही ठाऊक नाही, कोणाला काय कळतंय. तू जवळ असतास तर तुझ्याशी भांडून मोकळी झाले असते. लांब आहेस, म्हणून स्वतःशी भांडावं लागलं. ते जड जातं.

३० तारखेला दुपारी दार वाजलं. टोपीवाला. टोपी नव्हती, तर ओळखलाच नाही. डोक्यावर बेताचेच केस, म्हणून घालत असेल. हातात झाकणाचा डबा. म्हणाला, "बाई, पोटाला हलका म्हणून मऊ भात आणलाय." मला वाटलं, भांडायला आलाय आणि वाटेत भीती वाटली. पण तो दारातच उभा. म्हणाला, "एक विचारायचं होतं. उद्या मी जाणार. जाण्याआधी तेवढं शिकून जातो, पुढच्या ठिकाणी उपयोगी पडेल. माझ्या भातात कणी का राहते?"

मी डबा उघडून चाखला. कणी होतीच.

"झाकण का काढतोस?" मी विचारलं.

"भीती वाटते. लागला तर?"

"लागला तर वास येतो. नाक आहे ना? वास येईपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं."

"परीक्षेत हे नव्हतं," तो म्हणाला. मग म्हणतो, "घरी आई आहे. तिलाही कच्चाच लागतो, पण ती बोलत नाही."

तुझं पत्र डोळ्यांपुढे आलं. जाळून काही उपयोग होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांपुढे उभी राहिले. टोपीवालाही होता, टोपी वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत. मी म्हटलं, "साहेब, मी लिहून दिलेला कागद परत द्या. त्यात चूक आहे."

"शुद्धलेखनाचं चालतं हो, बाई."

"शुद्धलेखन नाही. जिथे याचं नाव आहे, तिथे माझं पाहिजे."

मग सगळं सांगितलं. डॉक्टरला न विचारता आले ते, पाच गोळ्या, काकडी. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, अकरा माणसं," म्हणाले.

"माहीत आहे, साहेब. कोणाला तिखट चालत नाही तेसुद्धा माहीत आहे."

"आणि तुम्ही याच्यावर ढकलत होतात?"

"होते. भात कच्चाच होता, ते मात्र खरं आहे."

टोपीवाला म्हणाला, "खरं आहे, साहेब."

साहेबांना हसावं का ओरडावं कळेना. शेवटी ओरडले. माझ्या नावावर एक कागद लागला, लाल शाईचा. पळी टोपीवाल्याकडे, कायमची. मी तपासणीच्या दोन डब्यांचे निकाल चांगले आल्याशिवाय आत यायचं नाही, आणि आले तरी भातापुरती. आणि राहिलेल्या गोळ्या कोणाच्या तरी समोर गिळायच्या. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, याच्यासमोर.

तर मी सकाळ-संध्याकाळ कँटीनच्या खिडकीशी बाहेरून उभी राहायची. तो आतून पेलाभर पाणी द्यायचा, मी गिळायची, आणि तो म्हणायचा, "जीभ दाखवा, बाई." एकोणीस वर्षं ज्या खिडकीतून मी लोकांना वाढलं, तिच्यासमोर जीभ काढून उभी. आत भांडी घासणाऱ्या बायका खुदुखुदु हसायच्या.

सहाव्या गोळीला माझा हात थबकला. पोट अगदी छान होतं. मागच्या वेळी इथेच थांबले होते. म्हटलं, "बरी झाले रे मी, पुरे आता." तो टोपी सावरत म्हणाला, "झाकण काढायचं नाही, बाई. वास येईपर्यंत हात मागे."

दोनच दिवसांपूर्वी मी शिकवलेलं. आपलीच काठी आपल्याच पाठीत. गिळली.

आज सकाळी दहावी झाली. रिकामी पट्टी पाकिटात घातली आहे. दहाही भोकं मोजून घे, तुझा विश्वास नाही माझ्यावर, आणि बरोबर आहे.

डाळ फेकली. किडे झालेच होते.

आशीर्वाद. ते पत्र जाळलं त्याबद्दल काय म्हणायचं ते तू समज.

ताई

८ एप्रिल

ताई, नमस्कार.

मोजली. दहा.

पट्टी खिडकीच्या काचेला आतून चिकटवली आहे. लोक विचारतात, हे काय? मी म्हणतो, माझ्या मोठ्या बहिणीनं संपवलेल्या गोळ्या. लोकांना त्यात काय विशेष ते कळत नाही, पण मान हलवायच्या ऐवजी थोडा वेळ बघत तरी राहतात. एक आजी म्हणाली, "बरी झाली का मग?" मी म्हटलं, डब्यांचा निकाल यायचाय. आता ती रोज विचारायला येते, औषध न घेता.

मी तुला टोपीवाल्याबद्दल विचारलं होतं, त्याच्या घरी कोण आहे. आई. मला वाटलंच होतं कोणीतरी असेल.

पळी गेली म्हणून रडलीस का? सांगू नकोस, मला कळतं. तू पत्रात पळीबद्दल एकच ओळ लिहिलीस.

बायको म्हणते, काकडी शब्दाबद्दल ती माफी मागते. मी म्हटलं, नको, तो फार उपयोगाचा शब्द होता.

निकाल आला की आधी मला कळव. इथे आम्ही दोघं वाट बघतोय. आजीला धरून तिघं.

तुझा धाकटा

१४ एप्रिल

धाकट्या,

दोन्ही डब्या स्वच्छ. डॉक्टर म्हणाला, या आता कामावर. या खेपेला मी त्याला खरोखर विचारलं होतं. तुझ्या खिडकीवरच्या त्या आजीलाही सांग.

काल आत गेले. टोपीवाल्यानं भाताचं पातेलं माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः रश्शाकडे गेला. पळी त्याच्याकडे, झाकण माझ्याकडे. झाकणावर मी हात ठेवून उभी, तो लांबून नाक वर करून वास घेत होता. अजून लहानच आहे तसा, पस्तीस म्हणजे काय. भात मोकळा झाला. त्यानं आईसाठी डबा भरून नेला. आज येऊन म्हणाला, "आई काहीच बोलली नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतला."

पहिल्या घंटेला पॅकिंगची रांग लागली. मोजणीवाली सगळ्यांत पुढे. ताट पुढे करून म्हणते, "बाई, हात धुतले का?" मागून अख्ख्या रांगेनं तेच विचारलं, चिठ्ठ्यावाल्या आजोबांनीसुद्धा, त्यांना तर काही झालंच नव्हतं. मी नळाशी गेले, साबण घेतला, बेचक्यांत, नखांखाली, तू लिहिलं होतंस तसं, सगळ्यांच्या देखत. मग येऊन वाढलं. मोजणीवाली ताट घेता घेता म्हणते, "काकडी नाही वाटतं आज?" म्हटलं, या वर्षी नाही. हे मला निवृत्तीपर्यंत ऐकावं लागणार. ऐकीन. रडले का म्हणून विचारू नकोस.

आमच्या ह्यांचं पोट पुन्हा बिघडलंय. ताप नाही, काही नाही, नुसतं पातळ. मला म्हणतात, "ती तुझी गोळी आहे का गं एखादी?" मी मीठ-साखरेचं पाणी लोटीभर समोर ठेवलं. म्हणाले, "चव नाही याला." म्हटलं, औषधवाल्याचा निरोप आहे, प्या, आणि रक्त दिसलं तर आधी डॉक्टर. शेजारीणही आली होती डोकेदुखीची गोळी मागायला. तिला रिकामी डबी उपडी करून दाखवली. डबी तिला आवडली. देऊन टाकली, ती कशासाठी होती ते न सांगता.

आता पत्र पुरे. बोटं दुखतात. पुढच्या वेळी फोनच कर, मोठ्यानं बोल. ती शेजारीण दीड महिना भिंतीला कान लावून बसली, बिचारीच्या पदरात काही पडलं नाही. तिलाही एखादी चांगली बातमी ऐकू दे.

आशीर्वाद. या खेपेला मनापासून.

ताई